नर्सरीच्या दारात उभी राहिलेली नवी उतरंड

आरटीईचे अर्ज सुरू झाले की आमच्या भागातल्या बुद्ध विहारात एक टेबल लागते. टेबलावर एक लॅपटॉप, कागदांचा गठ्ठा आणि समोर पालकांची रांग. एका वर्षी या रांगेत एक ताई आल्या. जवळच्या उच्चभ्रू सोसायटीतल्या प्रीस्कूलमध्ये त्या 'मावशी' म्हणून काम करतात. मुलांचे हात धुणे, त्यांना बाथरूमला नेणे, डबा भरवणे, रडणाऱ्याला कडेवर घेऊन फिरणे ही त्यांची कामे. तिथली सगळी इंग्रजी गाणी त्यांना पाठ आहेत. त्यांची स्वतःची मुलगी साडेतीन वर्षांची, वस्तीतल्या अंगणवाडीत जाते. त्यांनी एकच प्रश्न विचारला, "ताई, मी कामाला जाते त्या शाळेत माझ्या पोरीचा नंबर लागंल का?"

यादी उघडून बघण्याचीही गरज नव्हती. ते प्रीस्कूल आरटीईच्या यादीत असण्याचा प्रश्नच नव्हता, कारण कायद्याच्या लेखी ती 'शाळा'च नाही. तिथे पहिलीचा वर्ग नाही. पंचवीस टक्के आरक्षण लागू होते ते शाळेला. नुसती नर्सरी आणि केजी चालवणारे केंद्र त्यातून अलगद सुटते. हे त्या ताईंना समजावून सांगताना आम्हालाच लाज वाटली. ही बाई रोज वीस मुलांना सांभाळते, पण त्या दारातून तिचे स्वतःचे मूल आत जाऊ शकत नाही.

त्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही जे वाचले, पाहिले आणि आपापसांत बोललो, ते या लेखात मांडत आहोत.

फी नेमकी कशाची?

२०२४ च्या एप्रिलमध्ये दिल्लीतल्या एका पालकाने आपल्या मुलाच्या प्लेस्कूलच्या फीचा तक्ता समाजमाध्यमांवर टाकला. वर्षाची फी ४ लाख ३० हजार रुपये. आपल्या स्वतःच्या संपूर्ण शिक्षणाला एवढा खर्च आला नव्हता, असे त्याने लिहिले होते. २०२५ च्या जुलैमध्ये हैदराबादेतल्या एका शाळेच्या नर्सरीची २ लाख ५१ हजारांची फी अशीच चर्चेत आली. म्हणजे महिन्याला साधारण २१ हजार. मुंबई-पुण्यातल्या पालकांना या आकड्यांचे फार आश्चर्य वाटले नाही. दक्षिण मुंबई, वांद्रे, पवई, कोरेगाव पार्क, बाणेर या भागांत नर्सरीची फी लाखात मोजणे आता नेहमीचे झाले आहे.

हे आकडे दुसऱ्या एका आकड्याशेजारी ठेवून बघा. आरटीईतून प्रवेश मिळालेल्या एका मुलामागे महाराष्ट्र सरकार खासगी शाळेला वर्षाला जास्तीत जास्त १७,६७० रुपये प्रतिपूर्ती देत आले आहे. हैदराबादेतल्या त्या नर्सरीच्या एका महिन्याच्या हप्त्याहूनही ही रक्कम कमी आहे. आणि २०२३ च्या डिसेंबरमध्ये राज्यातल्या अंगणवाडी सेविका संपावर गेल्या तेव्हा त्यांचे मानधन महिन्याला १० हजार होते. वर्षाचे १ लाख २० हजार. दिल्लीतल्या त्या एका मुलाची वर्षाची फी म्हणजे एका सेविकेचे साडेतीन वर्षांचे मानधन. ती सेविका एका मुलाला नाही, अख्ख्या वस्तीला सांभाळते.

मग हे पालक एवढे पैसे कशाचे मोजतात? तीन वर्षांच्या मुलाला लागते तरी काय? खेळायला जागा, वाळू, पाणी, रंग, गोष्टी, पोटभर खाणे आणि मायेने बोलणारे माणूस. यातले काहीच चार लाखांचे नाही. खरी किंमत आहे ती पुढच्या चौदा-पंधरा वर्षांच्या हमीची. नावाजलेल्या शाळांमध्ये नर्सरी किंवा ज्युनिअर केजी हेच प्रवेशाचे मुख्य दार असते. तिथे एकदा मूल आत गेले की ते दहावी-बारावीपर्यंत सरळ वर सरकते. पहिलीला किंवा पाचवीला जागा रिकाम्या होतात त्या मोजक्या. म्हणून तीन वर्षांच्या वयालाच सगळी गर्दी. आणि शाळेत नंबर लागावा म्हणून त्याआधी दीड-दोन वर्षांच्या वयात 'चांगल्या' प्लेग्रुपची धावपळ.

किमतीतला दुसरा भाग संगतीचा आहे. मूल कुणाशेजारी बसणार, कुणाच्या वाढदिवसाला जाणार, कोणत्या घरांतल्या इंग्रजीत वाढणार, याची ही फी आहे. फ्रेंच समाजशास्त्रज्ञ पिएर बोर्द्यू याला सांस्कृतिक भांडवल म्हणतो. घरातून आलेली भाषा, वागण्याची ढब, आवडीनिवडी यांनाच शाळा 'हुशारी' समजते आणि त्यावर गुणवत्तेचा शिक्का मारते. आपल्याला हे समजायला बोर्द्यू वाचायची फारशी गरज नाही. जन्मावरून मिळालेल्या फायद्याला गुणवत्ता म्हणण्याची रीत या देशात फार जुनी आहे.

आरटीई कायद्याच्या कलम १३ प्रमाणे प्रवेशासाठी मुलाची किंवा पालकांची चाळणी लावता येत नाही आणि देणगीही घेता येत नाही. तरी 'मुलाखत' हा शब्द जाऊन 'इंटरॅक्शन' आला एवढेच झाले. आई-वडील काय करतात, कुठे शिकले, घरी कोणती भाषा बोलतात, कोणत्या सोसायटीत राहतात, हे अर्जातच विचारले जाते. आडनाव तर पहिल्याच रकान्यात असते. दिल्लीत २००७ मध्ये गांगुली समितीच्या शिफारशींनंतर मुलाखतींऐवजी गुणांची पद्धत आली. तिच्यातही घराचे अंतर, आधीच शिकत असलेले भावंड आणि माजी विद्यार्थी असलेले पालक यांना गुण होते. ज्या समाजाची आधीची पिढी त्या शाळेच्या फाटकातून आतच गेली नाही, त्याच्या मुलाने माजी विद्यार्थ्याचे गुण आणायचे कुठून?

हे शिक्षण मुळात कुणासाठी जन्मले?

महागड्या प्रीस्कूलच्या माहितीपत्रकात दोन गोष्टी हमखास असतात. एक, 'माँटेसरी पद्धत'. दोन, 'मेंदूची बहुतेक वाढ पहिल्या सहा वर्षांत होते' हे वाक्य. या दोन्हींचा इतिहास आपल्या तरुणांना माहीत असायला हवा.

मारिया माँटेसरी यांनी आपले पहिले बालगृह ६ जानेवारी १९०७ रोजी रोममधल्या सान लोरेन्झो या गरीब कामगारवस्तीत सुरू केले. आई-बाप कामावर गेल्यावर चाळीच्या जिन्यांवर उंडारणाऱ्या मुलांसाठी ते होते. आज जगभर लाखोंनी विकली जाणारी पद्धत त्या मुलांसोबत काम करताना घडली.

लहान वयातल्या शिक्षणाचा आयुष्यभर फायदा होतो, याचा सर्वाधिक सांगितला जाणारा पुरावा अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या इप्सिलांटी गावचा आहे. १९६२ पासून तिथे पेरी प्रीस्कूलचा प्रयोग झाला. त्यात गरीब घरांतली १२३ कृष्णवर्णीय मुले होती. ५८ मुलांना चांगले बालशिक्षण मिळाले, ६५ मुलांना मिळाले नाही. पुढे ही मुले चाळिशीत पोचेपर्यंत संशोधकांनी त्यांचा माग ठेवला. बालशिक्षण मिळालेल्यांमध्ये शिक्षण पूर्ण करणारे आणि नोकरीत टिकलेले जास्त निघाले, तुरुंगात गेलेले कमी. नोबेल मिळालेले अर्थशास्त्रज्ञ जेम्स हेकमन याच अभ्यासाच्या आधारे सांगतात की सरकारने पैसा गुंतवायचा तर तो सर्वांत आधी वंचित मुलांच्या पहिल्या वर्षांत गुंतवावा. म्हणजे ज्या संशोधनाच्या नावाने श्रीमंतांना प्रवेश विकला जातो, ते संशोधन वंचित मुलांना मोफत बालशिक्षण द्या असे सांगते.

आणि आपल्याकडे? ताराबाई मोडक यांनी भावनगरला गिजुभाई बधेका यांच्यासोबत काम केले आणि नंतर दादरला शिशुविहार काढला. पण शहरातल्या मध्यमवर्गीय मुलांपुरते हे काम ठेवणे त्यांना पटेना. १९४५ मध्ये त्या बोर्डीला गेल्या आणि अनुताई वाघ यांच्या सोबतीने पुढे कोसबाडच्या आदिवासी पाड्यांवर त्यांनी बालशिक्षण उभे केले. पाड्यावरची मुले बालवाडीपर्यंत येत नाहीत म्हटल्यावर बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. 'अंगणवाडी' ही कल्पना अशी रुजली. महागडी खेळणी नव्हती, म्हणून बिया, शंख-शिंपले, पाने, दगड हीच शिक्षणाची साधने झाली.

मुद्दा सरळ आहे. बालशिक्षण ही श्रीमंतांनी शोधलेली आणि आता गरिबांनी हात पसरून मागायची वस्तू नाही. ते गरिबांच्या वस्तीतच जन्मले आहे. बाजाराने ते उचलले, त्याला काचेचा दरवाजा बसवला आणि बाहेर सुरक्षारक्षक उभा केला.

संविधानात होते, कायद्यातून गळाले

भारतीय संविधानाच्या मूळ अनुच्छेद ४५ मध्ये राज्याने दहा वर्षांच्या आत चौदा वर्षे पूर्ण होईपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचा प्रयत्न करावा, असे म्हटले होते. नीट वाचा. त्यात वरची मर्यादा आहे, खालची नाही. संविधान सभेत २३ नोव्हेंबर १९४८ रोजी या तरतुदीवर चर्चा झाली तेव्हा ती केवळ प्राथमिक शिक्षणापुरती करावी अशी दुरुस्ती आली होती. बाबासाहेबांनी ती मान्य केली नाही. चौदा वर्षांखालील मुलाला कामाला जुंपायला आपण मनाई करत असू, तर तोपर्यंत ते मूल शिक्षणसंस्थेतच असले पाहिजे, असा त्यांचा युक्तिवाद होता.

२००२ च्या ८६ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद २१-क आणला आणि शिक्षण मूलभूत हक्क झाले, याचा आपल्याला आनंद आहे. पण त्याच दुरुस्तीने हा हक्क ६ ते १४ या वयापुरता बांधला. सहा वर्षांखालील मुले नव्या अनुच्छेद ४५ मध्ये, म्हणजे मार्गदर्शक तत्त्वांत, 'प्रयत्न करावा' या शब्दांवर राहिली. आरटीई कायद्याच्या कलम ११ मध्येही तीन ते सहा वयाच्या मुलांसाठी सरकार व्यवस्था 'करू शकते' एवढेच आहे. न केल्यास कुणी जाब विचारू शकत नाही. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने तीन ते आठ वर्षे हा पायाभूत टप्पा मानला, पण धोरण म्हणजे हक्क नव्हे. या सुटलेल्या तीन वर्षांतच नर्सरीचा बाजार उभा राहिला आहे.

आता पंचवीस टक्क्यांचे बघू. कलम १२ प्रमाणे ज्या शाळेत पूर्वप्राथमिक वर्ग आहेत तिथे राखीव जागाही त्याच पातळीपासून द्यायच्या आहेत. प्रत्यक्षात अनेक शाळा आपला प्रवेशस्तर पहिली दाखवतात. नर्सरी-केजी त्याच आवारात, पण वेगळ्या नावाने. पूर्वप्राथमिकच्या प्रतिपूर्तीवरून सरकार आणि शाळा यांच्यात वाद, आणि त्यात नुकसान मुलाचे. आरटीईचे मूल सहाव्या वर्षी पहिलीत जाते तेव्हा बाकीच्या मुलांची तीन वर्षांची मैत्री झालेली असते. त्यांना वर्गाची भाषा येते, शिक्षिकेच्या सूचना कळतात. आपले मूल गप्प बसते. मग शिक्षिका म्हणते, "आरटीईची मुलं जरा स्लोच असतात." मूल मंद नसते. त्याची तीन वर्षे आधीच कुणी तरी काढून घेतलेली असतात.

शिवाय २०१४ च्या प्रमती निकालामुळे अल्पसंख्याक दर्जाच्या शाळांना हा कायदा लागू होत नाही, आणि मोठ्या शहरांतल्या कित्येक नामवंत शाळांकडे हा दर्जा आहे. म्हणजे उतरंडीच्या सर्वांत वरच्या पायरीवर पंचवीस टक्के पोचतच नाहीत.

जे मिळाले आहे तेही काढून घेण्याचा प्रयत्न झाला. ९ फेब्रुवारी २०२४ रोजी राज्य सरकारने नियम बदलून, एक किलोमीटरच्या आत सरकारी किंवा अनुदानित शाळा असेल तर खासगी विनाअनुदानित शाळेला आरटीईतून सूट दिली. शहरात अशी शाळा कुठे नसते? अर्ज एकदम घसरले. पालक आणि संघटना न्यायालयात गेल्या. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलै २०२४ रोजी हा बदल रद्द केला. पुढच्याच वर्षी, २०२५-२६ च्या प्रवेशासाठी राज्यात सुमारे १ लाख ९ हजार जागांसाठी ३ लाखांहून अधिक अर्ज आले. आपल्या लोकांना शिक्षणाची आस नाही, असे म्हणणाऱ्यांना हे आकडे दाखवावेत.

आपल्यातला जो वर्ग वर गेला

आता थोडे घरातले बोलू. आपल्या समाजातही आज एक वर्ग हिंजवडी, खराडी, नवी मुंबईत फ्लॅट घेऊन राहतो. आई-वडिलांनी गिरणीत, रेल्वेत, महापालिकेत खपून शिकवले, आरक्षणाने दार उघडले, आणि आता हे तरुण आई-बाप मुलाच्या नर्सरीसाठी दीड-दोन लाख भरतात. गृहकर्जाच्या हप्त्याशेजारी फीचा हप्ता. आम्ही त्यांना दोष देत नाही. आपण जे सोसले ते मुलाने सोसू नये, असे कोणत्या आई-बापाला वाटत नाही?

पण दोन गोष्टी बोलाव्याच लागतील. पहिली, ही शर्यत त्यांच्यासाठीही जिंकण्याजोगी नाही. आपण दीड लाखाच्या नर्सरीत पोचतो तेव्हा वरचा वर्ग चार लाखांच्या नर्सरीत गेलेला असतो. या वस्तूची किंमतच मुळी इतरांना ती परवडत नाही यात आहे. सगळ्यांना परवडू लागली की तिची जागा वर सरकते. दुसरी, जो शिकला तो वस्तीतून उठून गेला, आणि त्याच्यासोबत वस्तीच्या शाळेसाठी, अंगणवाडीसाठी भांडणारा आवाजही गेला. एके काळी कित्येक विहारांत बालवाडी भरायची. शिकलेल्या मुली तिथे शिकवायच्या. आज त्यातली अनेक विहारे वंदना, जयंती आणि वर्षावासापुरती उघडतात. दुपारभर कुलूप.

मग करायचे काय?

तरुण कार्यकर्त्यांसमोर आम्ही चार कामे ठेवतो.

पहिले काम लगेच करण्याजोगे. प्रत्येक विहारात आरटीई मदत केंद्र. महाराष्ट्रात अनुसूचित जातीच्या बालकाला आरटीईसाठी उत्पन्नाची अट नाही, हे आजही अनेक बौद्ध पालकांना माहीत नसते. जातीचा दाखला बाळ जन्मल्यापासून डोक्यात ठेवा. वडिलांचा असेल तर तो शोधून ठेवा. भाड्याने राहणाऱ्यांनी भाडेकरार नोंदणीकृत करून घ्या, कारण पडताळणीत अर्ज सर्वांत जास्त अडतात ते पत्त्यावर. आणि नकाशावर घराचे ठिकाण टाकताना चूक होऊ देऊ नका. सोडतीत लागलेला नंबर अशा चुकीने गेलेला आम्ही पाहिला आहे.

दुसरे, विहारातली बालवाडी पुन्हा सुरू करा. मोठा खर्च लागत नाही. सतरंजी, गोष्टीची पुस्तके, माती, रंग, आणि रोज तीन तास देणाऱ्या दोन प्रशिक्षित मुली. जयंतीच्या डीजेचा एका रात्रीचा खर्च वाचवला तरी कित्येक महिने बालवाडी चालेल. ज्यांची मुले महागड्या नर्सरीत आहेत, त्या समाजबांधवांनी त्या फीचा विसावा भाग वस्तीतल्या बालवाडीला द्यावा. हा दानपारमितेचा आजच्या काळातला अर्थ आहे.

तिसरे, अंगणवाडी आपली माना. सेविकेला पोषण आहार, लसीकरण, सर्वेक्षण आणि मोबाइलवरच्या नोंदी यांतून शिकवायला वेळच उरत नाही. तिला शिकवायला वेळ, जागा आणि सन्मानाचे वेतन मिळावे, ही मागणी तिच्या संघटनेची आहे तशीच आपलीही असली पाहिजे. २०२३ च्या डिसेंबरपासून पन्नासहून अधिक दिवस चाललेल्या संपात आपल्यातले किती जण तिच्यासोबत मोर्चात गेलो?

चौथे आणि सर्वांत मोठे, तीन ते सहा वयाचे शिक्षण हा हक्क व्हावा यासाठी राजकीय मागणी. खासगी नर्सरींवर फी आणि प्रवेशाचे नियंत्रण, स्वतंत्र प्रीस्कूलनाही पंचवीस टक्के लागू करणे, आणि महापालिकेच्या प्रत्येक शाळेला जोडून दर्जेदार बालवर्ग. हे अशक्य नाही. मुंबई महापालिकेने २०२० पासून सीबीएसईच्या शाळा सुरू केल्या तेव्हा अर्ज इतके आले की सोडत काढावी लागली. सार्वजनिक शाळा चांगली असेल तर लोक तिच्याकडे येतात.

१९२७ मध्ये मुंबई विधिमंडळात अर्थसंकल्पावर बोलताना बाबासाहेबांनी दाखवून दिले होते की प्राथमिक शाळेत जाणाऱ्या शंभर मुलांपैकी जेमतेम अठरा चौथीपर्यंत पोचतात. शिक्षणखाते नफ्या-तोट्याच्या हिशेबावर चालवायचे खाते नाही, हेही त्यांनी सरकारला सुनावले होते. आज गळती चौथीऐवजी नर्सरीच्या दारात, पहिल्या दिवसाच्या आधीच होते. म्हणून ती कोणत्याही आकडेवारीत दिसत नाही.

तथागतांच्या संघात शाक्य राजकुमार प्रव्रज्या घ्यायला आले तेव्हा त्यांच्यासोबत उपाली हा न्हावीही होता. राजकुमारांनीच विनंती केली की आधी उपालीला प्रवेश द्या, म्हणजे तो आम्हाला ज्येष्ठ होईल आणि आमचा कुळाचा अहंकार गळेल. अडीच हजार वर्षांपूर्वी प्रवेशाचा हा नियम होऊ शकला.

त्या मावशींची मुलगी आता पाच वर्षांची आहे. पुढच्या अर्जाच्या वेळी ती पहिलीसाठी रांगेत असेल. नंबर लागला तरी तिची तीन वर्षे परत येणार नाहीत. पण तिच्या धाकट्या भावाची अजून सुरू व्हायची आहेत. विहाराचे कुलूप त्याच्या आधी उघडले पाहिजे.

जय भीम.